आराखडा येईपर्यंत थांबू नका, आधी पऱ्हे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी शहराला लागून असलेली तुमची ग्रामपंचायत, आणि तुम्ही पहिल्यांदाच सदस्य म्हणून निवडून आला आहात. २०११च्या जनगणनेत गावची लोकसंख्या सहा हजारांच्या आत होती, आज कोणी पंधरा हजार म्हणतं, कोणी वीस. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, इमारतींमागून इमारती उठताहेत, मे महिन्यात टँकर आणि जुलैत खालच्या वाडीत घरांमध्ये पाणी. ग्रामसभेत तीन मतं आहेत : नगरपंचायत मागावी, शहरात विलीन व्हावं, नाहीतर नव्या बांधकामांना सरसकट बंदी घालावी. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते तिन्हींपैकी एकही आधी नको. मी एकतीस वर्षं नगररचनेचं काम करते आहे. पनवेलपासून कुडाळपर्यंत लहानमोठ्या गावांचे आराखडे, लेआउट (प्लॉट पाडण्याचे नकाशे), हरकती-सूचनांच्या सुनावण्या, सगळं केलं आहे. त्यावरून सांगते, की गाव कोणाच्या ताब्यात असावं हा तुमच्या ग्रामसभेतला वाद झाला, अडचण दुसरीच आहे. तुमच्या गावाचा आराखडा आजही रोज आखला जातोय. एका गटाचे अकरा हिस्से पडले, मोजणी झाली, खुणा रोवल्या, मधून साडेचार मीटरची वाट सोडली, की तेवढ्या तुकड्याचा पुढच्या शंभर वर्षांचा नकाशा ठरला. हे दुय्यम निबंधकाकडे आणि भूमी अभिलेखच्या टेबलावर होतं, ग्रामपंचायतीला कळतं तेव्हा पाया भरून झालेला असतो. अधिकृत विकास आराखडा येतो तेव्हा गाव बरंचसं विकून संपलेलं असतं, आणि उरलेल्या मोकळ्या जागांवर आरक्षणं टाकण्याखेरीज आराखडा करणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणून मी कोणत्याही वाढत्या गावात गेले की आधी एकच विभागणी करते. नंतर दुरुस्त होईल असं काय आणि कधीच होणार नाही असं काय. शाळेला खोल्या वाढवता येतात, दवाखान्यावर मजला चढवता येतो, पाण्याची टाकी निधी आला की बांधता येते. बुजवलेला पऱ्ह्या (पावसाळी ओढा), अरुंद राहिलेला रस्ता आणि हातची गेलेली सार्वजनिक जागा मात्र परत मिळत नाही. मिळालीच तर कितीतरी पट पैसे मोजून आणि निम्मं आयुष्य कोर्टात घालवून. तुमची पहिली दोन वर्षं या तीन गोष्टींवर घाला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगून ठेवते. तुमचं गाव आज नेमकं कोणत्या योजनेखाली आणि कोणत्या प्राधिकरणाखाली येतं हे लेखी माहीत करून घ्या. कोकण किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत अधिसूचना भराभर निघाल्या आहेत, आणि शेजारच्या दोन गावांचे परवानगी देणारे अधिकारी वेगळे असू शकतात. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२०पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, पण ती प्रत्यक्षात कोण राबवतं हे गावागणिक बदलतं. गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी बहुधा ग्रामपंचायतीच्या हातात नसते. म्हणजे तुमच्याकडे परवानगी नाकारण्याचा अधिकार कमी आणि माहिती, ठराव, हरकत यांचं बळ जास्त. तेही कमी नाही, पुढे सांगतेच. गाव सड्यावर आहे, उतारावर आहे की खाडीकाठी, यावरही बरंच ठरतं. खाडीला भिडलेला भाग असेल तर सीआरझेड २०१९, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे, खाडीच्या काठापासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी तेवढं अंतर नियमाखाली येतं, आणि कांदळवनाचा विषय वेगळा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, मुरूम पडायला लागला असेल तर त्याची तक्रार त्याच आठवड्यात करा. भराव कडक झाला की तिथं पूर्वी काय होतं हे सिद्ध करणं कठीण जातं.

माणसं किती आहेत, हा दुसरा कच्चा दुवा. २०२१ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ची होते आहे. तिचे गावनिहाय आकडे हाती येईपर्यंत २०११च्या आकड्यावर योजना आखणं म्हणजे पोराच्या जुन्या मापावर कपडे शिवणं. अंदाज लावत बसू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही. महावितरणकडून घरगुती जोडण्यांची संख्या मागा. शाळा-अंगणवाडीची पटसंख्या घ्या. तिन्ही आकडे पाच-पाच वर्षांच्या अंतराने शेजारी मांडले की वाढीचा वेग दिसतो. एक गोष्ट मात्र कोकणातच सांगावी लागते : किती घरांना कुलूप आहे हे मोजा. मुंबईकरांची घरं, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले फ्लॅट, हे दहा महिने बंद असतात आणि गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात भरतात. पाणी सगळ्यात कमी मे महिन्यात आणि माणसं सगळ्यात जास्त तेव्हाच. त्यामुळे वर्षाची सरासरी आमच्याकडे उपयोगाची नाही, मे महिन्यातला रविवार धरूनच हिशेब करायचा.

आता पऱ्ह्यांकडे येते. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं आहे.

खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका गावात मला पूर आल्यानंतर बोलावलं होतं. वर चार हेक्टरचा उतार, आंबा-काजूची जुनी कलमं. ती काढून टप्पे पाडले, प्लॉट पाडले, डांबरी रस्ता केला. रस्त्याला आडवा एक पऱ्ह्या जात होता, उन्हाळ्यात कोरडा, त्यात पालापाचोळा आणि करवंदीची जाळी. ठेकेदाराने त्यात ९०० मिलिमीटरचा एक सिमेंट पाइप टाकला, वर भराव केला आणि रस्ता पुढे नेला. बघणाऱ्याला वाटावं, केवढा मोठा पाइप. मी वरच्या अंगाला, जिथं पऱ्ह्या शाबूत होता, तिथं टेप लावली : रुंदी अकरा फूट, खोली चार फूट. म्हणजे चव्वेचाळीस चौरस फुटांची वाट. त्या पाइपचं तोंड जेमतेम सात चौरस फूट. निसर्गाने कोरलेल्या वाटेचा सहावा हिस्सा शिल्लक ठेवला होता आणि त्याच वेळी वरून येणारं पाणी वाढवून ठेवलं होतं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हेक्टरवर वीस लाख लिटर पाणी. झाडं, गवत, मातीचे बांध असताना त्यातलं बरंच मुरायचं, अडायचं, सावकाश यायचं. आता पत्रे, स्लॅब, पेव्हर ब्लॉक यांवरून ते जवळजवळ सगळं आणि एकदमच येणार. पाइपाच्या तोंडाशी एक फांदी अडकली, मागे तळं साचलं, भराव फुटला आणि खालच्या पाच घरांच्या माजघरात कमरेएवढा चिखल.

त्या पाचांपैकी एका घरातल्या आजी माझ्या टेपकडे बघत म्हणाल्या, "बाय, ह्या पऱ्ह्यान आमचा बैल न्हेलान हुता. ह्या पायपात बैल मावंल काय?" मी तेव्हापासून प्रत्येक मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट, त्यांच्या मापानं बघते. पऱ्ह्याने एखाद्या वर्षी काय वाहून नेलं, गोठ्यात पाणी कुठपर्यंत चढलं, कोणत्या दगडावर कपडे धुता येत नव्हते, ही माहिती गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांकडे आहे आणि ती कुठल्याही कार्यालयात नाही.

कागदावर हे धरायचं कसं? जमीन महसूल संहितेच्या कलम २०प्रमाणे नद्या, नाले, ओढे हे दुसऱ्या कोणाचे असल्याचं सिद्ध झालं नाही तर शासनाचे असतात. अडचण अशी, की आमच्याकडचे बरेच पऱ्हे गावनकाशावर एका बारीक रेषेने दाखवलेले असतात किंवा नसतातच, आणि ते खाजगी गटातून जातात. तेव्हा सातबारा उघडा आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली नसलेलं क्षेत्र, बघा. त्यात दोन वर्ग असतात. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कारणासाठी राखलेलं : रस्ता, नाला, स्मशान. एखाद्या गटात चार-पाच गुंठे वर्ग 'ब' दिसले, की ते कशाचे आहेत ते जुन्या मोजणी नकाशावर शोधा. कित्येकदा तोच हरवलेला पऱ्ह्या असतो. त्यावर प्लॉट पाडायला निघालेल्या माणसाला ग्रामपंचायतीचं एक पत्र पुरेसं असतं, कारण त्याच्या बँकेलाही तो कागद दिसतो.

आणि कोणी वाट बुजवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला अडथळा केल्यामुळे शेतीचं, बागेचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ही मुदत लोक हमखास चुकवतात. भराव नोव्हेंबरात पडतो आणि जाग जुलैत पाणी शिरल्यावर येते, तोवर आठ महिने गेलेले असतात. म्हणून दिवाळीनंतर गावात एक फेरी मारायचीच, असा नियम करा. हे कलम शेतजमिनीच्या, बागेच्या नुकसानीसाठी आहे हेही ध्यानात ठेवा. सगळीकडे इमारती झाल्या की ते हत्यारही बोथट होतं.

नव्या लेआउटला तुमची मागणी साधी ठेवा. पऱ्ह्याची मूळ रुंदी राखायची, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळं सोडायचं आणि रस्ता ओलांडताना पाइप न टाकता पूर्ण रुंदीची स्लॅबची मोरी करायची. खर्च विकासकाचा. प्लॉटच्या किमतीपुढे तो किरकोळ असतो, हे मी त्यांच्याच हिशेबावरून सांगते. त्यातले शहाणे लगेच मान्य करतात, कारण पहिल्याच पावसात बदनाम झालेल्या लेआउटमधला दुसरा टप्पा कोणी घेत नाही.

हे फक्त लहान गावाचं दुखणं आहे असं समजू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिव नदीने चिपळूणच्या बाजारपेठेत काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. बदलापूर २००१ला ९८ हजारांच्या आसपास होतं, २०११ला १ लाख ७४ हजार झालं, आणि उल्हास नदीच्या काठाने घरं पसरत गेली. मोठ्या नदीसाठी निदान पूररेषा आखतात : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या पऱ्ह्यांची पूररेषा कोणी आखणार नाही. ती तुम्हालाच काढायची आहे.

रस्त्यांचं बघू. लोक रुंदीवरून भांडतात आणि जोडणीकडे दुर्लक्ष करतात. रुंदी हवीच. माझ्या मते इमारती येणाऱ्या भागात आतला रस्ता ९ मीटरपेक्षा कमी नको, आणि दोन वाड्या जोडणारा १२च्या खाली नको. पण प्रत्येक लेआउट स्वतःपुरता रस्ता काढतो, तो शेवटी भिंतीला जाऊन थांबतो, पलीकडचा लेआउटही त्याच भिंतीला येऊन थांबतो. दोन्हीकडची मिळून चारशे कुटुंबं रोज मुख्य रस्त्यावर उतरून तिथंच कोंडी करतात. याहून वाईट म्हणजे पट्टीचा खेळ. रस्त्याच्या टोकाला मालक स्वतःच्या नावावर एक फुटाची पट्टी राखून ठेवतो. नकाशावर रस्ता शेजारच्या गटाला भिडल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात मधे एक फूट परकी जमीन. शेजारच्याला पुढे रस्ता जोडायचा असेल तर त्या फुटाचे लाखो रुपये मागितले जातात. मी हे किमान सात ठिकाणी पाहिलं आहे. लेआउटचा नकाशा तुमच्याकडे माहितीसाठी आला, की रस्त्याचं टोक गटाच्या हद्दीला खरोखर टेकतं का, आणि रस्ता व खुली जागा कोणाच्या नावे जाणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

जुन्या पाणंदी (बैलगाडीच्या वाटा) आणि पाखाड्या (चिऱ्यांच्या पायवाटा) विसरू नका. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली बैलगाडीची वाट आज दोन्हीकडच्या दगडी गडग्यांच्या मधे चार फूट उरली असेल, पण नोंदीत ती रुंद आहे. ती आधी मोजून खुणा करून घ्या. पाखाडी गाडीच्या कामाची नसते म्हणून तिच्यावर कोणी संडासाची टाकी बांधतो, कोणी जिना उतरवतो. शाळेत जाणारी मुलं आणि बाजारातून येणारी म्हातारी माणसं त्याच वाटेने चालतात, आणि गाड्यांचा रस्ता फिरून दीड किलोमीटरचा होतो. एका गावात आम्ही पाखाडीचे चिरे नव्याने बसवून दोन सौरदिवे लावले, एवढ्यावर सकाळची रिक्षांची गर्दी निम्मी झाली.

मोकळ्या जागेबद्दल एकच खूण सांगते, बाकी तुम्ही ओळखाल. नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे एकराला थोडं कमी. मग एकोणचाळीस गुंठ्यांचे तुकडे पडू लागतात. एकाच मालकाचे ओळीने चार गट, प्रत्येक एकोणचाळीस गुंठे, चार वेगळे अर्ज, खुली जागा शून्य. अशा वेळी जुने फेरफार काढून मूळ धारणा, म्हणजे त्या मालकाची एकूण जमीन, किती होती ते दाखवा आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. संपूर्ण धारणेचं क्षेत्र बघा, अशी मागणी करा.

गुरचरण, गावकीची जमीन, देवराई, यांची यादी आजच करा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. भविष्यात शाळा, मैदान, बसथांबा, पाण्याची टाकी यासाठी तीच जागा कामी येणार आहे. देवराईला मात्र हात लावू नका. खाली झरा असतो आणि तो तिच्यामुळेच असतो. आरक्षणाच्या भरवशावर राहू नका, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका आराखड्यात मी मैदानाचं आरक्षण एका आमराईवर टाकलं. सातबाऱ्यावर बेचाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारसनोंदी दोन पिढ्या राहिलेल्या. संपादनाला पैसे नव्हते आणि वाटाघाटी करायला एकत्र माणसं मिळेनात. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना अधिनियम १९६६च्या कलम १२७खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण रद्द होतं. तसंच झालं. त्या गावातली मुलं अजून रस्त्यावर खेळतात, आणि दरवेळी तिथून जाताना मला ते लागतं. त्यापेक्षा त्याच वर्षी सरकारी पडीक जागा मागितली असती तर मैदान झालं असतं.

पाण्याचा हिशेब लहान आहे, पण ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवा. हजार नवे फ्लॅट, घरटी चार माणसं, शहरी निकषाने माणशी १३५ लिटर. रोज ५ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे चोपन्न टँकर. तीन मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे टँकर का लागतात, तर आपला जांभा दगड पाणी पितो पण धरून ठेवत नाही. डिसेंबरपर्यंत ते झऱ्यांनी खाली निघून जातं. त्यामुळे बोअरवर बोअर मारण्याने शेजाऱ्याची विहीर आटते, पाणी वाढत नाही. प्रत्येक नव्या इमारतीला निदान एप्रिल-मे काढता येईल एवढी बंदिस्त टाकी छतावरच्या पाण्यासाठी हवी. नळजोडणी देताना ही अट घालणं ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे.

आत आलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा अर्धा हिशेब सगळे विसरतात. हजार फ्लॅटचं चार लाख लिटरहून जास्त सांडपाणी रोज जाणार कुठे? आज ते शोषखड्ड्यात जातं. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे शोषखड्डा आणि विहीर यांच्यात कागदावर पुरेसं अंतर असलं तरी पाणी सापडेल त्या वाटेने चालतं. एका वाडीत विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला होता. वरच्या अंगाच्या इमारतीच्या खड्ड्यात आम्ही तपासणीचा हिरवा रंग टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी कळशीत तो रंग आला. त्या विहिरीवर अकरा घरं पाणी भरत होती, आणि त्या इमारतीच्या मालकाने कुठलाही नियम मोडलेला नव्हता.

याचा उपाय एका गावाच्या आवाक्यातला नाही. मैला उपसा गाडी, आणि उपसलेला मैला प्रक्रिया करायला एक जागा. समजा दीड हजार टाक्या आहेत आणि प्रत्येक तीन वर्षांतून एकदा उपसायची, तर वर्षाला पाचशे, म्हणजे कामाच्या दिवशी दोन. एवढ्यासाठी तुम्ही आणि शेजारच्या तीन-चार ग्रामपंचायती मिळून एक गाडी आणि अर्धा-पाऊण एकर जागा सहज चालवू शकता. जागा आत्ता धरून ठेवा, वस्तीपासून दूर पण गाडी पोचेल अशी. दहा वर्षांनी तिथं शेजार आला की कोणी करू देणार नाही. आज मैल्याची गाडी रात्री कुठे रिकामी होते, हे खाडीवर जाळं टाकणाऱ्यांना विचारा.

आता तुमच्या ग्रामसभेतल्या तीन मतांकडे. नगरपंचायत जरूर मागा. लोकसंख्या दहा ते पंचवीस हजारांच्या टप्प्यात असेल आणि शेतीबाहेरचा रोजगार पुरेसा असेल तर मागणी रास्त आहे. स्वतःचा विकास आराखडा करता येतो, हा मोठा फायदा. घरपट्टी वाढेल, ग्रामीण योजनांचा निधी बंद होईल आणि सुरुवातीची वर्षं मुख्याधिकाऱ्याखेरीज माणसं मिळणार नाहीत, हे लोकांना आधीच सांगा. मागणी ते पहिला मंजूर आराखडा, यात पाच-सात वर्षं सहज जातात. या मधल्या वर्षांत वर सांगितलेलं काम केलं तरच त्या आराखड्यात काही जीव असेल. शहरात विलीन होणं सांडपाणी आणि पाणी यासाठी खरं तर जास्त शहाणपणाचं असतं, कारण नळ आणि गटार हद्द बघत नाहीत. अलिबागला बघा. २०११ला नगरपरिषदेच्या हद्दीत २० हजारांच्या आसपास माणसं, आणि वाढ सगळी चेंढरे, कुरूळ, वेश्वीकडे. एकच गाव, पण कारभार चार ठिकाणी. मात्र विलीनीकरण दोन्हीकडची राजकीय मंडळी ठरवतात, तुमच्या ठरावाने ते होईल असं मी म्हणणार नाही.

बंदीच्या मी विरुद्ध आहे. सरसकट बंदी घालण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, आणि असता तरी बांधकाम थांबत नाही, ते पुढच्या गावाच्या कातळावर सरकतं किंवा रात्री होतं. शिवाय तिथं राहायला कोण येतं ते पहा : एमआयडीसीतले कामगार, सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्स, बदलीवर आलेले शिक्षक, आणि तुमच्याच वाडीतले चुलतभाऊ, ज्यांना वडिलोपार्जित घरात एक खोली वाट्याला आली. या लोकांना घर लागणारच. उताराच्या बाबतीत मात्र कोणाचं ऐकायचं नाही. १:५ (पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ) आणि त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको असं नियमच सांगतो, आणि डोंगर उभा कापून खाली घर बांधलं की काय होतं हे २२ जुलै २०२१च्या पावसानंतर रायगड-रत्नागिरीत कोणाला नव्याने सांगायला नको.

सुरुवात कुठून करायची, तर या पावसाळ्यापासून. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या, सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) घ्या आणि दोन्ही एकाच मापात करून एकावर एक लावा. नववी-दहावीची आठ-दहा मुलं, दोन म्हातारे आणि एक तलाठ्याचा माणूस, अशी टोळी करा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, उघडीप मिळाली की सगळे पऱ्हे उगमापासून खालपर्यंत चाला. भर पावसात पात्रात उतरू नका. दर शंभर पावलांवर रुंदी, खोली आणि झाडाच्या बुंध्यावर कचरा अडकलेली उंची लिहा, मोरी आली की तिचं तोंड मोजा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. पऱ्ह्याचं नाव म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर घाला. नाव असलेला पऱ्ह्या बुजवणं नाव नसलेल्यापेक्षा अवघड जातं, हे मी सुनावण्यांमध्ये पाहिलं आहे. हा नकाशा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरावासह मंजूर करून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदार, नगररचना आणि भूमी अभिलेख अशा तिन्ही ठिकाणी पोच घेऊन द्या. पुढे कोणी आराखडा करायला बसेल तेव्हा त्याला तो विचारात घ्यावा लागेल, आणि हरकत घेताना तुमच्या हातात तारखेचा कागद असेल.

मोजमापं झाली की मला पाठवा. वरचं पाणलोट क्षेत्र आणि पऱ्ह्याचं माप मिळालं, तर कुठे केवढी मोरी लागेल ते मी काढून देते. पहिल्यांदा खालच्या वाडीच्या पऱ्ह्याचं पाठवा, जुलैत पाणी तिथंच येतं ना.